हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान
नाशिकमधील क्रीडामैदान. गंगापूर रोडच्या दक्षिणेस, त्र्यंबक रोडवर. बोलीत आजही ‘गोल्फ क्लब’. क्रांतिकारक अनंत लक्ष्मण कान्हेरे यांचे नाव त्यास दिले आहे. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी त्यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 रोजी कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांच्यासह त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

येथे महाराष्ट्राचे रणजी सामने होतात. जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्राने बडोद्याला 439 धावांनी हरवले. एरवी पहाटे फिरायला व धावायला येणाऱ्यांची येथे वर्दळ असते. राजकीय सभांसाठीही मैदान वापरले जाते.

त्याचा सर्वांत मोलाचा उपयोग मात्र शेतकरी आंदोलनांत दिसला. कृषी कायद्यांविरोधात दिल्लीला निघालेला महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचा वाहनजथा 21 डिसेंबर 2020 रोजी, जॅक्सनवधाच्या तारखेलाच, येथे जमला. जानेवारी 2021 मध्ये हजारो शेतकरी, त्यांत बरेच आदिवासी, येथूनच मुंबईच्या आझाद मैदानाकडे निघाले. हुतात्म्याच्या नावाला शोभणारा हा वापर क्रिकेटइतकाच नोंदवण्याजोगा आहे.