पुतळीचे माहेर व्हेनिस

ऐरोलीच्या गावठाणात लग्नाला गेलात आणि एखाद्या आजींच्या गळ्यात पुतळ्यांची माळ दिसली, तर ती जरा जवळून पाहा. सोन्याच्या पातळ, गोल चकत्या आणि प्रत्येकीवर उभी आकृती. हा दागिना आपण अस्सल मराठी समजतो. पण पुतळी हे मुळात एका परदेशी नाण्याला आपल्या लोकांनी दिलेले नाव. ते नाणे होते व्हेनिसचे.

इटली हे एक राज्य झाले 1861 मध्ये. त्याआधी तेथे अनेक राज्ये होती आणि त्यांच्या टांकसाळीही वेगवेगळ्या. फ्लॉरेन्स व जिनोआ यांनी 1252 मध्ये सोन्याचे नाणे काढले. व्हेनिसने 1284 मध्ये आपला डुकाट काढायचे ठरवले. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वलयात येशू. लॅटिन अक्षरे आपल्याकडे कोण वाचणार? बाहुल्या तेवढ्या दिसल्या, म्हणून पुतळी!

मिरी-मसाल्यांच्या मोबदल्यात हे सोने इजिप्त आणि तांबड्या समुद्रामार्गे आपल्या किनाऱ्यावर येई. वाटेत, 1425 मध्ये, इजिप्तचा सुलतान अल्‌-अश्रफ बार्सबाय याने जवळपास त्याच वजनाचे नाणे पाडले. तीच अशर्फी. पुढे डुकाटला झेक्किनो म्हणू लागले. झेक्का म्हणजे टांकसाळ, आणि हा शब्द अरबी 'सिक्का'वरून आलेला. आपला 'शिक्का' त्याचाच भाऊबंद.

या नाण्यावर इतका भरवसा का? वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध. 1797 मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडवले, तोवर पाचशे वर्षे यात फारसा फरक पडला नाही. वर्गात हे गणित करून पाहा. सोन्याची घनता 19.3, म्हणजे नाण्याचे आकारमान सुमारे 0.18 घन सेंटिमीटर. व्यास दोन सेंटिमीटर धरला, तर जाडी जेमतेम 0.6 मिलिमीटर भरते. याच मापाचे तांब्याचे नाणे फक्त 1.6 ग्रॅमचे होईल. भेसळ केली की एकतर वजन घटणार, नाहीतर जाडी वाढणार. सराफाच्या हातून ते निसटणे कठीण.

मात्र व्हेनिसचा हा प्रामाणिकपणा सर्वांसाठी नव्हता. परदेशी व्यापाऱ्याला द्यायचे सोने चोख राखले; गावातल्या मजुराच्या हाती पडणाऱ्या खुर्द्यातली चांदी मात्र कमी होत गेली. 1328 मध्ये एक डुकाट 64 सोल्दींना मिळे, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला 124 सोल्दी पडू लागले. व्हेनिसच्या मजुराला घसरते नाणे आणि आपल्या आजींच्या पणजीला शुद्ध सोने, असा हा मामला!

पुढे आपल्याकडच्या सोनारांनी पुतळ्यांच्या नकला घडवल्या. न समजणारी अक्षरे उतरवता उतरवता त्यांच्या नुसत्या उभ्या रेघा झाल्या. मग येशूच्या जागी लक्ष्मी किंवा रामसीता आली.