शैक्षणिक अर्थसाहाय्य, कोल्हापुरातील

निर्धन विद्यार्थ्यास शिक्षण पुरे करता यावे म्हणून शासनाकडून मिळणारे द्रव्यसाहाय्य. त्याचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात : परत न करावयाचे (शिष्यवृत्ती, फीमाफी, वसतिगृहास अनुदान) आणि परत करावयाचे (कर्ज, कर्जशिष्यवृत्ती). कोल्हापुरात या दोन्ही प्रकारांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आढळतो. मदत किती मिळाली, यापेक्षा ती कोणी व कशाच्या रूपाने फेडावयाची, हा प्रश्न या इतिहासात अधिक महत्त्वाचा ठरला.

राजर्षी शाहू छत्रपती (१८७४–१९२२) यांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा खेड्यातील मुलास शाळेच्या फीपेक्षा शहरात राहण्याजेवण्याची अडचण मोठी होती. १८९६ मध्ये राजाराम महाविद्यालयास जोडून सर्व जातींसाठी काढलेल्या वसतिगृहात पुढे बहुतांशी ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. या अनुभवानंतर महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय देण्याचे धोरण स्वीकारले. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग (१९०१), मुस्लिम बोर्डिंग (१९०६), गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येच्या नावाचे, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग (१९०८) ही त्यांतील प्रमुख होत. संस्थानाने त्यांना जागा, इमारती व उत्पन्ने दिली. ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ हे कोल्हापूरचे बिरुद यातूनच आले असून दसरा चौकाच्या परिसरात त्यांतील काही वास्तू अद्यापि उभ्या आहेत. जातवार वसतिगृहांवर त्या काळी टीका झाली, व तीत तथ्य नव्हते असे नाही. तथापि ज्या मुलांना शहरात कोणी बिऱ्हाडास जागा देत नव्हते, त्यांच्यापुढे दुसरा मार्गही नव्हता. या पद्धतीत साहाय्य मिळे ते वसतिगृहास. विद्यार्थ्याच्या नावे कर्ज मांडले जात नसे. १९११ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांना फी माफ झाली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले.

याच काळात बडोदे संस्थानाची रीत निराळी होती. सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर यांस अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. तीसाठी ४ जून १९१३ रोजी करारनामा झाला व शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट त्यात होती. शिष्यवृत्ती असली तरी तिची फेड सेवेच्या रूपाने करावयाची होती. १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यास रुजू झाले, परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना कार्यालयात अपमान सोसावा लागला व शहरात राहावयास जागा मिळेना. अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले. करार पाळण्याची इच्छा पुरेशी नव्हती. तो पाळू देणारा समाजही असावा लागतो, ही बाब करारनाम्यात कोणी लिहिली नव्हती.

१९२० साली शाहू छत्रपतींशी त्यांचा संबंध दृढ झाला. *मूकनायक* या पाक्षिकास महाराजांनी अर्थसाहाय्य केले आणि मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे भरलेल्या परिषदेत ते स्वतः उपस्थित राहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. स्वतःची बचत, महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज अशी ही तजवीज होती. मात्र रुपयाचा भाव कोसळला. १९२० मध्ये सरकारने दोन शिलिंगांस बांधलेला रुपया वर्षभरातच एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास आला. साहजिकच रुपयांत जमविलेल्या रकमेचे पौंड कमी भरू लागले. १९२१ मध्ये आंबेडकरांनी लंडनहून महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंडांची मागणी केली. ही मागणी देणगीची नव्हती, कर्जाची होती. परतल्यावर सव्याज फेड करण्याची हमी पत्रात होती. रुपयाच्या विनिमयाचा हाच प्रश्न त्यांच्या लंडनमधील प्रबंधाचा विषय होता व तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी ६ मे १९२२ रोजी शाहू छत्रपतींचे निधन झाले होते.

श्रमाच्या रूपाने फेड करण्याची तिसरी वाट कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी रूढ केली. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत विद्यार्थी शेतात व बांधकामावर राबून शिकत. ‘कमवा व शिका’ ही योजना पुढे शिवाजी विद्यापीठानेही (स्थापना १९६२) चालविली.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व विद्यार्थी-साहाय्य हे राजाच्या मर्जीऐवजी नियमांचे झाले. १९६० च्या सुमारास अल्प उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फीमाफी देण्याची योजना सुरू झाली. तिची १,२०० रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा इतकी सर्वतोमुखी झाली, की ‘ईबीसी’ हा शब्द खेडोपाडी रुळला. अर्जाबरोबर महसुली अधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला लागे. शेतकऱ्याच्या अनिश्चित उत्पन्नाचा आकडा कागदावर ठरविणे हे अर्थातच सोपे काम नव्हते. पुढे ही योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाऊ लागली व तिची मर्यादा आठ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली.

केंद्र शासनाची राष्ट्रीय कर्जशिष्यवृत्ती योजना १९६३ मध्ये सुरू झाली. हे कर्ज बिनव्याजी असे. विद्यार्थी व जामीनदार यांना बंधपत्र लिहून द्यावे लागे आणि कमाई सुरू झाल्यावर हप्त्यांनी फेड करावी लागे. शिक्षकी पेशा पत्करणाऱ्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा भाग माफ होई. बडोद्याच्या करारातील दहा वर्षांशी या सवलतीचे साम्य लक्षणीय आहे. फरक एवढाच, की येथे सेवा ऐच्छिक होती. वसुली मात्र समाधानकारक झाली नाही. नोकरीनिमित्त परगावी गेलेल्या कर्जदाराचा ठावठिकाणा लागणे अवघड, आणि हप्त्याची रक्कम लहान असल्याने पाठपुराव्याचा खर्च जड, अशी स्थिती होती. १९९१ मध्ये योजना बंद झाली.

तोपर्यंत शिक्षणाचा खर्चच पालटला होता. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली व कोल्हापुरातही अशी महाविद्यालये निघाली. त्यांची फी जुन्या शिष्यवृत्त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. ही पोकळी बँकांनी भरली. भारतीय बँक संघाच्या २००१ च्या आदर्श योजनेनुसार चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नसे. फेड शिक्षण संपल्यावर वर्षभराने किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, यांतील जे आधी घडेल तेव्हा सुरू होई. दरम्यान व्याज मात्र साचत राही. वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी या काळातील व्याज केंद्राने भरण्याची योजना २००९-१० च्या शैक्षणिक वर्षापासून लागू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण व जामीनदार या दोहोंची अट वगळण्यात आली. मात्र तिचा लाभ गुणवत्ताक्रमात वरच्या स्थानी असलेल्या निवडक संस्थांतील प्रवेशापुरताच आहे.