अ‍ॅल्युमिनियमची छोटी होडी आणि आउटबोर्ड मोटर: पैसे मोजण्याआधी काय बघायचं

तेरेखोलपासून कारवारच्या काळी नदीपर्यंत खाडीत जाणाऱ्या छोट्या होड्या आता बहुतेक फायबरच्या आहेत. लाकडी होडी आणि तिची उलांडी अजून दिसते, पण नवी बांधून घेणारे कमी झालेत. या दोन्हींच्या मध्ये तिसरा पर्याय म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या होडीची चौकशी वाढली आहे. खाडीकाठचे लोक विचारतात, तसेच हिडकल आणि नविलुतीर्थसारख्या धरणांच्या पाण्यात मासे धरणारेही विचारतात. होडी, मोटर, जाळी असा सगळा खर्च कर्ज काढून होतो आणि चुकीची जोडी घेतली तर ती विकायला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून ही माहिती जरा सविस्तर.

अ‍ॅल्युमिनियम कुठं चालतं, कुठं नाही

अ‍ॅल्युमिनियमचा मोठा गुण म्हणजे वजन. बारा फुटांची पातळ पत्र्याची होडी ढोबळमानाने पन्नास ते सत्तर किलोंची असते. दोन माणसं ती उचलून टेम्पोवर ठेवतात. तेवढीच फायबरची होडी त्याहून बरीच जड भरते. ज्यांना आज या धरणावर, उद्या त्या तलावावर जायचं आहे, त्यांच्यासाठी हा फरक रोजचा आहे. दगडावर आदळली तर अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो, फायबरला चीर जाते. पोचा घेऊन घरी येता येतं.

पण खाऱ्या पाण्यात या धातूची एक खोड आहे, ती समजून घेतल्याशिवाय खाडीकाठच्या माणसानं पैसे घालू नयेत. अ‍ॅल्युमिनियम दुसऱ्या धातूला टेकलं आणि मध्ये खारं पाणी आलं की एक प्रकारची बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियमच. पितळेचा नळ, तांब्याची वायर, काशाचा बोल्ट, यातलं काहीही थेट पत्र्यावर बसवायचं नाही. स्टेनलेसचे स्क्रूसुद्धा नायलॉनचा वॉशर घालून बसवायचे. आपल्याकडं सगळ्यात जास्त नुकसान करतात ते कांडाळीचे शिशाचे मणी. ओलं जाळं रात्रभर होडीच्या तळात पडून राहिलं की शिसं, मीठ आणि पत्रा एकत्र येतात आणि काही महिन्यांत तळाला सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसायला लागतात. जाळं प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवायचं, तळावर फळ्यांची जाळी टाकायची आणि खालून हवा खेळती ठेवायची. तळ रबरी मॅटनं गच्च झाकला तरी खाली मिठाचं पाणी अडकून तोच परिणाम होतो.

रंगाचंही तसंच. लाकडी आणि फायबरच्या होडीला शेवाळ-कालवं धरू नयेत म्हणून लावतात त्यातल्या पुष्कळ रंगांत तांबं असतं. तो डबा अ‍ॅल्युमिनियमला लावायचा नाही. ‘अ‍ॅल्युमिनियमसाठी’ असं डब्यावर लिहिलेलंच घ्यायचं. छोटी होडी रोज वर ओढून ठेवणार असाल तर बुडीत भागाला रंग लावायचीही गरज नाही.

झीज दुसरीकडं वळवायला मोटरला एक धातूचा तुकडा बसवलेला असतो, त्याला अ‍ॅनोड म्हणतात. तो स्वतः झिजतो आणि मोटर वाचवतो. समुद्रात जस्ताचा चालतो, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. आपल्या खाड्या मात्र उन्हाळ्यात खाऱ्या आणि पावसाळ्यात जवळजवळ गोड्या होतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून ते काम करायचं थांबतं, म्हणून खाडीसाठी अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड बरा. निम्मा झिजला की बदला. त्यावर रंग मारू नका. रंग मारलेला अ‍ॅनोड काहीच करत नाही, तरी दिसायला छान दिसतं म्हणून मारतात लोक!

तेव्हा आमचं मत सरळ आहे. धरण, तलाव, नदीचा वरचा भाग यासाठी अ‍ॅल्युमिनियम उत्तम. रोज खाऱ्या पाण्यात शिशाची जाळी टाकणाऱ्यानं निगा राखायची तयारी असेल तरच घ्यावं, नाहीतर फायबर बरं. कारण दुरुस्तीचाही प्रश्न आहे. फायबरची चीर गावातला माणूस बुजवतो. अ‍ॅल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा बडोदा, हैदराबादच्या औद्योगिक वसाहतीत ते करणारा शोधणं अवघड नाही, पण खाडीकाठच्या वाड्यावर त्यासाठी होडी गाडीवर घालून शहर गाठावं लागेल.

पत्रा, रिव्हेट आणि तळ

‘अ‍ॅल्युमिनियम आहे’ एवढं ऐकून भागत नाही. होडीला ५०५२, ५०८३ किंवा ५०८६ या क्रमांकाचा पत्रा लागतो. यात मॅग्नेशियम मिसळलेलं असतं आणि ते खाऱ्या पाण्याला टिकतं. पाण्याच्या टाक्या, दुकानाचे दरवाजे यांचा पत्रा वेगळा. बांधणारा क्रमांक सांगत नसेल किंवा बिलावर लिहून देत नसेल, तर तिथून उठावं.

जोड दोन प्रकारचे असतात, रिव्हेटचा आणि वेल्डचा. रिव्हेटची होडी हलकी आणि स्वस्त असते, पण लाटांवर आपटून काही वर्षांनी रिव्हेट सैल होतात आणि पाणी झिरपतं. वेल्ड केलेली होडी जाड पत्र्याची, जड आणि महाग, पण टिकाऊ. जुनी रिव्हेटची होडी बघायला गेलात तर एक सोपी परीक्षा करा. होडी दोन लाकडी घोड्यांवर ठेवा, आत चार-सहा बोटं पाणी ओता आणि बाहेरून कुठं ओल फुटते ते खडूनं खुणा करत बघा. विकणारा नको म्हणाला तर तेच उत्तर समजायचं.

मागच्या ज्या उभ्या फळीवर मोटर बसते तिला ट्रान्सम म्हणतात. तिच्या आत बहुधा प्लायवूड असतं आणि ते आतून कुजतं. वरून पत्रा चकचकीत, आत भुसा. मोटर बसवून तिचं खालचं टोक धरून वर-खाली हलवा. फळी लवत असेल तर खर्च धरून चाला.

तळ सपाट असेल तर होडी उथळ पाण्यात जाते आणि उभं राहून पाग टाकायला स्थिर वाटते, पण लाटेवर आदळते. व्ही आकाराचा तळ लाट कापतो, मात्र तो जास्त पाणी मागतो आणि जरा डोलतो. धरणात वारा सुटला की लाट लहान पण दाट येते, तिथं पुढून थोडा व्ही आणि मागे सपाट असा तळ चांगला.

बाकांखाली फोम आहे का, हे विचाराच. अ‍ॅल्युमिनियम लाकडासारखं तरंगत नाही. फोम नसलेली होडी पाण्यानं भरली की सरळ तळाला जाते. जुन्या होडीतला फोम पाणी पिऊन जड झालेला असतो, तेही हात घालून तपासा.

किती माणसं, किती एचपी

इथं सगळ्यात जास्त चुका होतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा वीस फुटांच्या आतल्या होड्यांसाठी एक साधा हिशोब आहे. लांबी गुणिले रुंदी (फुटांत) भागिले १५. बारा फूट लांब, चार फूट रुंद होडी असेल तर ४८ भागिले १५, म्हणजे तीन माणसं. पण हा माणसांचा हिशोब शांत पाण्याचा आहे. बर्फाची पेटी, ओलं जाळं, पेट्रोलची टाकी आणि पकडलेले मासे मिळून एका माणसाएवढं वजन सहज होतं.

मोटरसाठी त्याच दलाचा ठोकताळा असा: होडीची लांबी गुणिले ट्रान्समची रुंदी. चौदा फूट लांब आणि ट्रान्समला चार फूट रुंद असेल तर ५६. सपाट तळाच्या, हातानं वळवायच्या मोटरच्या होडीला त्याची निम्मी करून १५ वजा करायचे. उत्तर १३, म्हणजे जास्तीत जास्त १५ एचपी. ही वरची मर्यादा आहे, घ्यायलाच हवी अशी ताकद नव्हे. आणि ट्रान्सम तेवढा मजबूत बांधलाय असं गृहीत धरलेलं आहे.

जास्त ताकदीची मोटर म्हणजे मागे जास्त वजन. मोटर मागे, टाकी मागे, चालवणारा मागे, आणि पुढं कुणी नाही. अशी होडी नाळ वर करून चालते आणि एकदम थ्रॉटल सोडला की मागून येणारी तिचीच लाट ट्रान्समवरून आत येते. एकट्यानं जाणाऱ्यानं टाकी आणि नांगर पुढच्या बाकाखाली ठेवावेत.

वेगाबद्दलही एक गैरसमज आहे. पारंपरिक घाटाची, पाणी कापत जाणारी होडी तिच्या लांबीनं ठरलेल्या वेगापलीकडं फारशी जात नाही. सोळा फुटांच्या होडीला तो वेग साधारण साडेपाच नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर येतो. तिला दुप्पट एचपी लावली तरी पेट्रोल दुप्पट जळेल, वेग थोडाच वाढेल. पाण्यावर उचलून पळणारी सपाट तळाची हलकी होडी असेल तरच जादा एचपीचा उपयोग.

दहा एचपीची रेघ

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. कर्नाटक आणि गोव्याच्या आदेशांत १० एचपीपर्यंतच्या मोटरच्या पारंपरिक होड्यांना सूट दिली जाते. गोव्यात ती कांडाळीच्या जाळ्यापुरती असते. महाराष्ट्रात सूट बिगरयांत्रिक होड्यांना. म्हणून ९.९ एचपीची मोटर या पट्ट्यात एवढी खपते. १५ची घेतली तर ते दोन महिने घरी बसण्याची तयारी ठेवावी लागते. आदेश दरवर्षी नव्यानं निघतो, त्यामुळं त्या वर्षीचा वाचूनच पाण्यात उतरायचं. आणि पत्र्याची होडी ‘पारंपरिक’ म्हणून नोंदली जाईल का, हे मत्स्य खात्यात विकत घेण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

काही कंपन्यांची ९.९ आणि १५ एचपीची मशीन एकाच ब्लॉकची असतात, फरक कार्बोरेटरसारख्या एक-दोन भागांचा. ‘भाग बदलून देतो, कागदावर ९.९च राहील’ असं सांगणारे भेटतात. अपघात झाला तर विम्याचा दावा तिथंच अडतो.

परवान्याची हद्दही लक्षात ठेवा. गोव्याचा सागरी मासेमारी कायदा १९८०चा, महाराष्ट्राचा १९८१चा, कर्नाटकाचा १९८६चा. एका राज्याचा परवाना दुसऱ्याच्या १२ सागरी मैलांच्या पट्ट्यात चालत नाही. मोटर बंद पडून तेरेखोलच्या तोंडाशी वाहत गेलात तरी कागद होडीतच असलेले बरे. मासेमारीसाठी नव्हे तर नुसती फिरायला होडी घेणार असाल तर खातं बदलतं, गोव्यात बंदर कप्तान आणि महाराष्ट्रात मेरिटाइम बोर्ड. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत लाभार्थ्यांना ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के साहाय्य आहे. मंजुरी मिळण्याआधी खरेदी करू नका.

इंदूरचा यशवंतसागर, ग्वाल्हेरचा तिघरा, बडोद्याचा आजवा, बेळगावचा राकसकोप हे शहरांना पाणी देणारे तलाव. तिथं पेट्रोलचं मशीन न्यायचा विचार असेल तर आधी परवानगी. जिथं चालतं तिथं छोटी विजेची मोटर बरी. १२ व्होल्टची ५५ पौंड रेट्याची मोटर पूर्ण जोरात पन्नासच्या आसपास अँपिअर खाते, म्हणजे १०० अँपिअर-तासाची बॅटरी जेमतेम दोन तास. हळू चालवली तर बरीच जास्त.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक

टू-स्ट्रोक हलकं, साधं, गावच्या मेकॅनिकला कळणारं. पंधरा एचपीचं छत्तीस किलोंच्या आसपास येतं, फोर-स्ट्रोक पन्नासपर्यंत जातं. फोर-स्ट्रोक कमी पितं, आवाज कमी आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. रोज पाच-सहा तास चालवणाऱ्याचा जादा पैसा पेट्रोलमध्ये वसूल होतो, आठवड्यातून एकदा जाणाऱ्याचा नाही. टू-स्ट्रोकला ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली ऑइल. अंदाजानं ओतू नका. केरोसिनवर चालणारं मशीन पेट्रोलवर सुरू करायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, नाहीतर सकाळी दोरी ओढून खांदा दुखतो.

दहा एचपीला पूर्ण जोरात तासाला चार लिटर धरा. २५ लिटरची टाकी म्हणजे सहा तास. पण एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश शिल्लक, म्हणजे जायला दोनच तास. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. टाकीत पावसाळाभर ठेवलेलं पेट्रोल वापरू नका, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा.

शाफ्ट दोन मापांचा मिळतो, १५ इंची आणि २० इंची. ट्रान्समची उंची मोजूनच घ्या. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला किंवा इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर पंखा हवा पितो, फार खाली गेली तर पेट्रोल वाया जातं.

जुनं मशीन घेताना ते थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर हात लावून कळतं. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार सरळ यायला हवी, नसेल तर इम्पेलर गेलेला किंवा मार्गात मीठ साचलेलं. गिअरचं ऑइल थोडं काढून बघा. दुधासारखं पांढरं असेल तर आत पाणी शिरलंय. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, दोघांत मोठा फरक नको. मनगटाला अडकवायची लाल दोरी ओढली की मशीन बंद पडतं का, तेही बघा. एकटा माणूस पाण्यात पडला आणि होडी पुढं निघून गेली तर पोहून ती गाठता येत नाही. आणि मशीनवरचा क्रमांक बिलाशी जुळवा. खरवडलेला असेल तर कितीही स्वस्त असो, नको.