वाहिन्यांच्या नमुन्यांतील वेळेचा फरक

७. मापनयंत्राच्या सर्व वाहिन्यांची मोजणी एकाच क्षणी होते, हे मूळ लेखातील विधान प्रत्येक यंत्राला लागू नाही. स्वस्त यंत्रात एडीसीची (संकेताचे अंकांत रूपांतर करणाऱ्या भागाची) एकच चिप असते आणि ती वाहिन्या पाळीपाळीने वाचते. दोन वाहिन्यांत १० मायक्रोसेकंदांचे अंतर पडले, तर ५० हर्ट्झच्या विजेत कलांतर ०.१८ अंशाने चुकते. तापमान मोजताना याने काही बिघडत नाही. पण व्होल्टेज आणि करंट यांवरून वीजवापर काढताना, पॉवर फॅक्टर ०.५ असेल, तर उत्तर सुमारे अर्ध्या टक्क्याने चुकते.

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत तर सगळी भिस्त वेळेवरच आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतात, आणि फायबरमध्ये दर किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद खर्ची पडतात. शिवाय पृथ्वी फिरत असल्याने आकाशातून येणाऱ्या लहरींचा उशीरही सतत बदलतो. म्हणून नमुने एका सामायिक घड्याळाच्या ठोक्यावर घेऊन हे उशीर गणिताने भरून काढतात. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीचे हे काम मला फार मोलाचे वाटते.

यंत्र घेताना वाचकांनी केवळ नमुन्यांचा वेग पाहू नये. सर्व वाहिन्यांचे नमुने खरोखर एकाच वेळी घेतले जातात का, हेही विचारावे. — संपा.