लुनारिया

लुनारिया : मोहरीच्या कुळातील (ब्रॅसिकेसी) एक द्विवर्षायू वनस्पती. शास्त्रीय नाव लुनारिया ॲनुआ; मूळ प्रदेश आग्नेय युरोप व नैर्ऋत्य आशिया. लिनीअसने १७५३ मध्ये दिलेल्या नावात ‘वार्षिक’ असा शब्द असला, तरी रोप सहसा पहिल्या वर्षी नुसता पानोळा धरते आणि हिवाळ्याची थंडी लागल्यावर दुसऱ्या वर्षीच्या वसंतात फुलते. उंची सुमारे एक मीटर. फुले चार पाकळ्यांची, जांभळी किंवा पांढरी. विवाहातील पुष्पगुच्छांत या वनस्पतीच्या वाळलेल्या, चंदेरी व अर्धपारदर्शक शेंगा वापरतात. इंग्लंडमध्ये तिला ‘ऑनेस्टी’ म्हणतात. अमेरिकेत तिला ‘सिल्व्हर डॉलर’ व ‘मनी प्लँट’ ही नावे आहेत. आपल्याकडे घरोघरी बाटलीत लावलेल्या मनी प्लँटच्या वेलाशी तिचे काही नाते नाही.

शेंग चपटी व गोलसर असून साधारण तीन ते पाच सेंटीमीटर लांब असते. टोकाला लहानसा काटा राहतो. तिला तीन थर असतात : दोन्ही बाजूंना एकेक टरफल आणि मध्ये कडेच्या चौकटीवर ताणून बसवल्यासारखा एक पडदा. बिया या पडद्याच्या दोन्ही अंगांना, टरफलांच्या आत असतात. शेंग हिरवी असताना उजेडासमोर धरली, तर बियांच्या काळसर आकृती मोजता येतात. शेंग पिकून तपकिरी झाली की टरफले सुटतात, बिया गळतात आणि पडदा दांडीवर तसाच राहतो. गुच्छात दिसते ती ‘शेंग’ म्हणजे हा पडदा. नीट पाहिल्यास त्यावर बियांच्या बारीक देठांच्या रेघा दिसतात.

पडदा मोकळा करण्याचे काम हातानेच होते आणि गुच्छाचा सारा दर्जा त्यावर ठरतो. टरफले पूर्ण तपकिरी झाल्यावर, कोरड्या दिवशी दांड्या कापतात आणि हवेशीर जागी उलट्या टांगतात. कापणी लांबली तर पावसाने पडद्यावर करडे डाग पडतात व वाऱ्याने कडा फाटतात. घाई केली तर टरफल पडद्याला चिकटून राहते आणि ओढताना तो चिरतो. वाळलेली शेंग अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून हलकेच चोळली की दोन्ही टरफले सरकतात आणि बिया खाली पडतात. एका दांडीवर अशा कितीतरी शेंगा असतात, त्यामुळे काम वेळखाऊ आहे. विरंजन केलेल्या, एकसारख्या पांढऱ्याशुभ्र शेंगाही बाजारात मिळतात. पण मूळच्या पडद्यात हस्तिदंती छटा आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झळाळी असते, ती विरंजनात बरीचशी हरवते. वधूच्या हातातील गुच्छ जवळून पाहिला जातो, म्हणून तेथे विरंजन न केलेल्या शेंगाच घ्याव्यात.

गुच्छ बांधताना दांडीचे लहान फाटे करून ते बारीक तारेने व फुलवाल्यांच्या चिकटपट्टीने बांधतात. वाळवलेले गुलाब, हायड्रेंजिया, गव्हाच्या लोंब्या यांच्याबरोबर शेंगा शोभतात. त्यांची जागा गुच्छाच्या कडेला, इतर फुलांपेक्षा किंचित वर असावी. मागून उजेड आला तरच पडद्याची पारदर्शकता दिसते. गुच्छाच्या पोटात खोचलेली शेंग कागदाच्या तुकड्यासारखी वाटते. ताज्या फुलांबरोबर वापरायच्या असल्यास त्या सर्वांत शेवटी लावतात, कारण ओल लागलेला पडदा सुरकुततो. वराच्या कोटावर लावायच्या छोट्या गुच्छात एकदोन शेंगा पुरतात, मात्र आलिंगनांत त्या चुरडतात. मेणबत्त्यांपासून त्या दूर ठेवाव्या लागतात.

शेंगा घरात सजावटीला ठेवण्याची युरोपातील चाल जुनी आहे. जॉन जेरार्ड याच्या १५९७ मधील वनस्पतिग्रंथात या झाडाच्या लोकप्रचलित नावांची नोंद आहे. त्यांत नाण्यावरून पडलेली नावे आहेत, तसेच ‘साटिन’ हेही आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८४ मध्ये फुलदाणीतील लुनारियाचे चित्र रंगवले. फ्रान्समध्ये तिला ‘पोपची नाणी’ म्हणतात, तर नेदरलँड्स व डेन्मार्कमध्ये येशूला चांदीच्या नाण्यांसाठी धरून देणाऱ्या ज्यूडासची नाणी. इंग्रजी नाव प्रामाणिकपणाचे असल्याने तिकडे ती विवाहाला अनुरूप मानली जाते.

‘चेडग्लो’ व ‘कॉर्फू ब्लू’ या बागायती प्रकारांच्या कोवळ्या शेंगांवर जांभळी झाक असते. त्या ताज्याही वापरता येतात. लुनारिया रेडिविवा ही बहुवर्षायू जाती असून तिच्या शेंगा लांबट व दोन्ही टोकांना निमुळत्या असतात.

ब्रिटनमध्ये ऑरेंज टिप या फुलपाखराची मादी लुनारियावरही अंडी घालते आणि अळ्या कोवळ्या शेंगा खातात. त्यामुळे गुच्छासाठी सगळीच झाडे कापू नयेत. उत्तर अमेरिकेत मात्र ही वनस्पती बागांतून निसटून रानात पसरली आहे. तेथे बिया काढलेल्या शेंगाच वापराव्यात आणि काढलेल्या बिया उघड्यावर टाकू नयेत.