पॅरिसचे कानसेन

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले जातात; ऐकणाऱ्यांचा इतिहास लिहिण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. ऐकणारा तिकीट काढतो, मान डोलावतो आणि घरी जातो. त्याचा कसला आला आहे इतिहास? परंतु जॅझच्या बाबतीत ऐकणाऱ्यांनी असा काही उद्योग करून ठेवला आहे की, त्यांना वगळून ती हकीकत पुरी होत नाही. मी संगीतातला जाणकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे स्वरांपेक्षा माणसांच्या भांडणाकडे माझे लक्ष आधी जाते, हे सांगून टाकलेले बरे. आणि पॅरिसच्या ‘हॉट क्लब द फ्रान्स’मधल्या भांडणाइतके अर्थपूर्ण भांडण माझ्या तरी वाचनात दुसरे नाही.

हा क्लब 1932 साली निघाला. काढणारे सगळे विद्यार्थिदशेतले. जॅझ जन्मले अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत. मध्ये एवढा महासागर. म्हणजे या मुलांपुढे संगीत यायचे ते बहुतेक तबकडीतून. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे! तेवढ्यात कॉर्नेटवाल्याने जे काय सांगायचे ते सांगून टाकायचे. एकाने नवी तबकडी मिळवावी, दहा जणांनी कान लावून ती ऐकावी आणि मग तास न् तास वाद घालावा, असा प्रकार. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांभोवती ज्या बैठकी जमत, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या असतील त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

यांतले दोघे आपल्या कामाचे. यूग पानासिए 1912 सालचा. लहानपणी पोलिओने पाय अधू झाला, आणि पोरगा सॅक्सोफोनकडे व तबकड्यांकडे वळला. वयाच्या बाविसाव्या वर्षी, 1934 साली, त्याने जॅझवर जाडजूड ग्रंथ लिहिला. दुसरा शार्ल दलोने, त्याच्याहून एक वर्षाने मोठा, रोबेर आणि सोनिया दलोने या नामांकित चित्रकार दांपत्याचा मुलगा. पानासिए म्हणजे मते. दलोने म्हणजे नोंदी. अशी जोडी जमली म्हणजे संस्था चालते. यांच्याच आश्रयाने जँगो राइनहार्ट आणि स्तेफान ग्रापेली यांचा तंतुवाद्यांचा पंचक-वाद्यवृंद उभा राहिला. 1935 साली ‘जॅझ हॉट’ मासिक निघाले. 1937 साली ‘स्विंग’ नावाची, केवळ जॅझला वाहिलेली तबकडी-मालिका सुरू झाली.

दलोनेचे खरे काम मात्र निराळेच आहे, आणि मला त्याचे फार कौतुक वाटते. त्या काळच्या तबकडीवर वादकांची नावे नसत. वाद्यवृंदाचे नाव असे, तेही पुष्कळदा खोटे. कारण एका कंपनीशी करार झालेला माणूस दुसऱ्या कंपनीत टोपणनावाने वाजवून जाई. मग हा अमुक तुकडा वाजवणारा कोण, हे ठरवायचे कसे? तबकडीच्या मध्यभागी, कागदी बिल्ल्याच्या कडेला, एक बारीक क्रमांक कोरलेला असतो. एकाच दिवशी घेतलेल्या मुद्रणांचे क्रमांक लागोपाठचे असतात. ते जुळवून तारखा काढायच्या. बाकीचे कानांनी ओळखायचे. अमेरिकन वादक पॅरिसला आला की त्याला तबकडी ऐकवून विचारायचे, बाबा रे, हा तूच का? अशा रीतीने 1936 साली दलोनेने ‘हॉट डिस्कोग्राफी’ सिद्ध केली. ज्यांची नावे छापण्याची कंपन्यांना गरज वाटली नव्हती, त्या वादकांच्या पदरात त्यांचे काम घालणारी ही सूची. केवढे मोठे काम! आणि केले कोणी, तर ऐकणाऱ्याने.

आता पानासिएविषयी. त्याच्या पहिल्या ग्रंथात गोऱ्या वादकांची वाखाणणी पुष्कळ होती, कारण प्रथम कानांवर पडले तेच. 1938 साली तो न्यूयॉर्कला गेला, मेझ मेझरो, टॉमी लॅडनिअर, सिडने बेशे यांना एकत्र बसवून त्याने तबकड्या घडवल्या, आणि 1942 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या ग्रंथात आपली पहिली मते चुकली होती हे त्याने उघड लिहिले. जॅझ हे मुळात कृष्णवर्णीयांचे संगीत, असे ठामपणे मांडले. छापलेले मत छापूनच मागे घेणारे टीकाकार कोणत्याही भाषेत थोडेच.

पण तोवर युद्ध पेटले होते. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात. दलोने क्लबाच्या आडून प्रतिकार चळवळीला मदत करीत होता आणि 1943 साली त्याला अटकही झाली. तिकडे अमेरिकेत वादकांच्या संघटनेने 1 ऑगस्ट 1942 पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. मोठ्या कंपन्यांपैकी काहींच्या बाबतीत तो 1944 च्या नोव्हेंबरपर्यंत चालला. नेमक्या याच काळात न्यूयॉर्कच्या रात्रीच्या बैठकींतून बीबॉप आकाराला येत होते. त्याची वाढ तबकडीवर फारशी उतरलीच नाही, आणि जी थोडी उतरली ती फ्रान्सपर्यंत पोचली नाही. मुलाचे रांगणे-चालणे न पाहता एकदम मिसरूड फुटलेला मुलगा दारात उभा राहावा, तसे झाले.

1946 साली डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांच्या 1945 मधल्या तबकड्या पॅरिसला वाजू लागल्या. दलोनेभोवतीची तरुण मंडळी खुळावली. आंद्रे ओदेरने ‘जॅझ हॉट’मधून त्यांची भलावण केली. पानासिए दूर दक्षिणेत मोंतोबाँला राहत होता. त्याने निकाल दिला : हे जॅझच नव्हे.

चांगले नाही असे म्हणाला असता तर भांडण तिथेच मिटते. आवडनिवड ज्याची त्याची. पण ‘जॅझच नव्हे’ म्हटले की पंगतीतून उठवल्यासारखे होते. 1947 साली क्लब फुटला. क्लबाचे नाव पानासिएकडे, मासिक दलोनेकडे. जुन्यांना ‘बुरसटलेले अंजीर’ आणि नव्यांना ‘आंबट द्राक्षे’ अशी नावे पडली. बोरिस व्हियाँ हा कादंबरीकार-ट्रंपेटवाला ‘जॅझ हॉट’च्या पानांतून पानासिएची यथेच्छ टर उडवी. 1948 च्या फेब्रुवारीत एका पक्षाने नीसला लुई आर्मस्ट्राँगला आणले, तर त्याच महिन्यात दुसऱ्या पक्षाच्या पॅरिसमध्ये गिलेस्पीचा वाद्यवृंद गाजला. पुढच्या वर्षी दलोनेने पार्करलाही आणले.

माझे मन या भांडणात दलोनेकडे झुकते. पण कादंबरीकाराला पात्र म्हणून हवा तो पानासिएच. कृष्णवर्णीय वादकांना त्यांचा मान मिळावा म्हणून ज्याने स्वतःचे पुस्तक खोडून काढले, तोच माणूस पाच वर्षांनी पार्करसारख्या कृष्णवर्णीय वादकाला तुमचे संगीत कोणते हे शिकवू लागतो! एकदा मत बदलण्याचे धैर्य दाखवले की ते दुसरे मत माणसाला फार महाग पडलेले असते; ते सुटत नाही.

वादक मंडळींचे निराळेच चालले होते. आर्मस्ट्राँगनेही बीबॉपला नावे ठेवली होती, गिलेस्पीनेही त्याला टोले दिले होते. पण पुढे दोघेही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, कोरोना या एकाच वस्तीत राहिले आणि 1959 साली टेलिव्हिजनवर शेजारी उभे राहून त्यांनी ट्रंपेट वाजवला. पानासिए मात्र हटला नाही. 1954 साली त्याने मादलेन गोतिए हिच्यासह जॅझचा कोश काढला. त्यात चार्ली पार्करची नोंद आहे. माणूस विलक्षण गुणी, परंतु जॅझ सोडून बॉपच्या मागे गेला, अशा आशयाची. पुढल्याच वर्षी पार्कर वारला, वय चौतीस.