नाव तेच, आवृत्ती कोणती?

‘नागपूर’ या शब्दात अक्षरं किती? आपण सांगू, ४. पायथन ३ सांगते ६, कारण ती काना आणि ऊकार वेगळे मोजते. पायथन २ ला साध्या अवतरणांत हाच शब्द दिला, की लिनक्सवर उत्तर यायचं १८! ती अक्षरं मोजतच नव्हती, बाइट मोजत होती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात.

इंग्रजीत हा घोळ दिसायचा नाही. तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ झाली तरी प्रोग्राम चालायचा. मध्येच एखादं मराठी नाव आलं की कोसळायचा. मी नागपुरात बसून मराठी मजकूर चाळणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट लिहितो. म्हणून या दोन आवृत्त्यांचा इतिहास मला परका वाटत नाही.

३ डिसेंबर २००८ ला पायथन ३ आली. मजकूर म्हणजे युनिकोड आणि बाइट वेगळे, हा तिच्यातला मोठा बदल. ७ भागिले २ चं उत्तरही ३ ऐवजी ३.५ झालं. जुने प्रोग्राम तिच्यावर जसेच्या तसे चालणार नव्हते, आणि हे ठरवूनच केलं होतं.

पेच पडला तो ऑपरेटिंग सिस्टमना. टर्मिनलवर नुसतं ‘पायथन’ टाइप केलं तर कोणती आवृत्ती सुरू करायची? प्रश्न किरकोळ वाटतो. पण रेड हॅटच्या लिनक्समध्ये सॉफ्टवेअर बसवणारं ‘यम’ हे साधनच पायथन २ मध्ये लिहिलेलं होतं. त्या नावामागची आवृत्ती बदलली की ‘यम’ बंद, आणि दुरुस्तीसाठी काही बसवायचं तर तेही ‘यम’नेच!

ऑक्टोबर २०१० मध्ये आर्च लिनक्सने धाडस केलं: ‘पायथन’ म्हणजे आता ३. २०११ मध्ये पायथनच्याच मंडळींनी ‘पेप ३९४’मध्ये सबुरीचा सल्ला दिला: तूर्त ‘पायथन’ म्हणजे २ च राहू द्या, नवी हवी असेल तर ‘पायथन३’ असं स्पष्ट लिहा. पायथन २ चा आधार २०१५ मध्ये संपायचा होता. ती मुदतही २०२० पर्यंत वाढली.

नागपूरकरांना असली तडजोड ओळखीची आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राजधानीचा मान गेला, पण १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन दरवर्षी इथे घेण्याचं ठरलं होतं. महाराष्ट्र झाल्यावर हिवाळी अधिवेशन नागपुरात भरू लागलं. नव्या रचनेत जुन्यांना दिलेला शब्द राहिला.

पण शब्द पाळायची किंमत कुणीतरी मोजतंच. पायथन २ टिकली म्हणून जुन्या स्क्रिप्टवाल्यांचं काम अडलं नाही. त्याच काळात एखादी मुलगी ‘पायथन’ टाइप करून पहिल्याच प्रोग्राममध्ये स्वतःचं नाव देवनागरीत छापायला गेली, आणि फाइलच्या वरच्या ओळींत एन्कोडिंग जाहीर केलेलं नसलं, तर प्रोग्राम सुरूच व्हायचा नाही. जुन्यांची सोय आणि नव्यांची अडचण एकाच डिफॉल्टमध्ये होती.

१ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधार संपला. त्याआधीच, २०१९ च्या रेड हॅट ८ ने सिस्टमच्या स्वतःच्या कामासाठी वेगळी पायथन बाजूला ठेवली आणि नुसतं ‘पायथन’ हे नाव मोकळं सोडलं. एप्रिल २०२० च्या उबुंटू २०.०४ मध्येही त्या नावामागे मुळात काहीच नव्हतं. ज्याला ३ हवी, त्याने ‘पायथन-इज-पायथन३’ हे छोटं पॅकेज स्वतः बसवायचं.

मला हा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो. कमांड सापडली नाही, असं सिस्टमने सांगितलं तर माणूस थांबतो, शोधतो. नावाचा अर्थ गुपचूप बदलला, तर हिशेबात ३ च्या जागी ३.५ येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नावसुद्धा ‘संत्री’ ठेवता येतं. तरीही स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत मी ‘पायथन३’ असं आकड्यासकट लिहितो. उद्या ती कुठल्या मशीनवर चालेल आणि तिथे नुसत्या ‘पायथन’चा अर्थ काय असेल, ते मशीन बसवणाऱ्याने ठरवलेलं असतं.